मीठ न पाहता केलेलं अननस-बीफ

२८ फेब्रुवारी २०२१, रविवार. आयर्लंडमधलं डून लेरी, आमचं स्वयंपाकघर.

हजर: मी. माझा नवरा, जो डॉक्टर आहे आणि ज्याला घरातही मी डॉक्टरच म्हणते. आमची सोळा वर्षांची मुलगी. नागपूरहून व्हिडिओवर, अधूनमधून, सासूबाई.

गैरहजर: डॉक्टरच्या वॉर्डातली एक नर्स. ती जानेवारीच्या अखेरीला गेली होती. स्वयंपाक तिच्या डब्यासाठी चालला होता.

कोण आहे, कोण नाही हे आधी मांडून घेतल्याशिवाय मला कामाला सुरुवात करता येत नाही. चेरीवूडच्या एका ऑफिसात मी हेच काम करते. कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत, ते लावून देते. गेलं वर्षभर ते ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं. त्यामुळे घर आणि ऑफिस दोन्ही एकाच पद्धतीने चालत होतं आणि दोघांचीही माझ्याबद्दल तक्रार होती.

डॉक्टरचं हॉस्पिटल इथून तीन तासांवर, वायव्येकडच्या एका गावात आहे. तो तिथे एक खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला घरी येतो. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. तिथे तो काय खातो हे मी विचारायची आणि तो म्हणायचा, "मिळतं काहीतरी." मी डाळ-भाताची पाकिटं, चटण्या, चिवडा असं सगळं बांधून द्यायची. त्यातली निम्मी पाकिटं परत यायची. मला वाटायचं, कामाच्या धबडग्यात राहून जात असेल.

खरं असं होतं की त्याला तिथे रोज डबा मिळत होता. ती नर्स फिलिपिन्सची होती, साधारण आमच्याच वयाची. तिच्या लक्षात आलं की हा माणूस नाणं टाकायच्या यंत्रातली बिस्किटं खाऊन दिवस काढतो. मग ती मोठा डबा आणायला लागली. निळ्या कड्यांचा, प्लास्टिकचा, दोन माणसांना पुरेल एवढा. डबा एक, काटे दोन.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला डॉक्टर घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत तो डबा होता. धुतलेला, कोरडा. झाकणावर पांढऱ्या चिकटपट्टीवर तिचं नाव लिहिलेलं. त्याला कोविड होऊन गेला होता. खोलीत एकट्याने पडून त्याने तो काढला होता. फुप्फुसं वाचली, ताकद हळूहळू येत होती, फक्त वास गेला होता आणि वासाबरोबर चवही. ती मात्र त्याच सुमारास त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर दाखल होती. तो खोलीत असतानाच ती गेली.

तिच्या अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. इथल्या चर्चमध्ये कॅमेरा असतो, त्यावरून बाकीच्यांनी पाहायचं. आम्ही दोघांनी लॅपटॉपवर पाहिलं. विधी संपला, माणसं गेली, पेटी गेली. कॅमेरा मात्र बंद झाला नाही. तो कायम चालूच असतो, हे मला नंतर कळलं. पुढे कितीदा तरी मी मीटिंग संपवून वर जायची तेव्हा डॉक्टर पलंगावर बसून ते रिकामं चर्च पाहत असायचा. बाकांच्या रांगा, एका खिडकीतून आलेला उजेड, आणि काहीही न हलणारं ते चित्र. मी विचारलं, "काय पाहतोयस?" तो म्हणाला, "काही नाही, चालू राहिलं."

घरात माझ्याकडे त्याच्यासाठी एक कार्यक्रम होता. वास परत यावा म्हणून रोज दोनदा चार वास घ्यायचे असतात. मी खिडकीत चार बाटल्या मांडल्या होत्या: लवंग, लिंबाची साल, निलगिरी, गुलाबपाणी. तो आज्ञाधारकपणे एकेक नाकाशी धरायचा आणि सांगायचा, "नाही. नाही. नाही. नाही." त्याऐवजी त्याला भलताच वास यायचा, जो नसायचाच. जेवताना मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "काहीतरी जळतंय." मी गॅस पाहायची, टोस्टर पाहायची, मुलगी वरून ओरडायची, "नथिंग्ज बर्निंग, बाबा!" काहीच जळत नसायचं. तरी तो उठून एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून यायचा. त्याच्या मागून घरात काहीतरी फिरून गेल्यासारखं वाटायचं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण तो फिरून आला की मी दार लावून घ्यायची.

एकदा आम्ही धक्क्यावर फिरायला गेलो होतो. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती आणि त्याच्या आत तेवढंच होतं. समुद्राकडे तोंड करून तो म्हणाला, "मीच दिला असणार तिला."

"काय?"

"एवढीशी खोली. जेवताना मास्क काढायचो. एका डब्यात खायचो."

"अरे, पण ती आधी आजारी पडली. तू नंतर."

"लक्षणं नंतर आली म्हणजे लागण नंतर झाली असं नसतं." हे त्याने वॉर्डात नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात सांगितलं.

मी घराकडे वळले. यावर करण्यासारखं काही मला सुचलं नाही. परतताना डार्टची लोकल गाडी आमच्या बाजूने गेली. सगळे दिवे लागलेले, आत एकही माणूस नाही.

त्या नर्सच्या नवऱ्याचा डॉक्टरला मेसेज आला होता. फुलांबद्दल आभार, आणि मग: डबा तुमच्याकडे आहे असं ती म्हणाली होती. घाई नाही. कामावर याल तेव्हा घेऊन या, बागेत बसून चहा घेऊ. तिच्या शेवटच्या दिवसांतलं काही ऐकायला आवडेल मला.

तीन आठवडे डॉक्टरने त्याला उत्तर दिलं नव्हतं. आठ मार्चला त्याला कामावर रुजू व्हायचं होतं. जाणार की नाही हे मला सरळ विचारता येत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच: हा माणूस त्या बागेत जाऊन बसू शकला तर तो वॉर्डातही जाऊ शकेल, आणि नाही बसू शकला तर दोन्ही राहील. म्हणून मी डबा हातात घेतला. डबा परत करायचा आहे, हे काम मला समजत होतं.

सासूबाईंना मी फोनवर डब्याचं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "रिकामा देऊ नको हो. भरल्या घरात रिकामा डबा देत नाही, अन् दुःखाच्या घरात तर मुळीच नाही. साखर तरी घाल."

साखर घालून कोणाला देणार? मी डॉक्टरला विचारलं, "ती काय आणायची?"

त्याने झाकणावरची पट्टी अंगठ्याने सपाट केली. मग म्हणाला, "बीफ."

"बीफ?"

"फळ घालून परतलेलं. गोडसर. भाताबरोबर."

"आणि तू खायचास."

"हो."

"दोन वर्षं."

"पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी माहीत होतं."

मला त्याची परत आलेली डाळ-भाताची पाकिटं आठवली आणि रागाऐवजी हसू आलं. "मला सांगायचंस तरी. चिवडा कमी केला असता."

आमच्याकडे मटण होतं, कोंबडी होते, अंडी रोज होतात. बीफ कधी घरात आलं नव्हतं. कोणी बंदी घातली नव्हती. ते फक्त आलं नव्हतं. मी स्वतः खात नाही. त्यात श्रद्धा किती आणि सवय किती, हे मी कधी तपासलेलं नाही आणि त्या आठवड्यात तपासायला वेळही नव्हता. डबा ज्या पदार्थाचा होता त्या पदार्थाने भरायचा, एवढं मला सरळ वाटलं. डॉक्टर म्हणाला, "नको करूस." मी म्हटलं, "शनिवारी खाटकाकडे जाते." तो पुन्हा नको म्हणाला नाही.

खाटीक मला खांद्याच्या मटणाची गिऱ्हाईक म्हणून ओळखतो. मी बीफच्या पट्ट्या मागितल्या तेव्हा त्याने मास्कवरून पाहिलं. "आज लॅम्ब नाही?"

"नाही."

"काही खास आहे का?"

"एका मैत्रिणीसाठी." मी तिला कधी भेटले नव्हते.

"ग्रँड," तो म्हणाला आणि सुरी परजायला लागला. मी लागेल त्याच्या दुप्पट घेतलं. चुकलं तर हाताशी असावं, हा माझा नियम आहे आणि त्या दिवशी तोच उपयोगी पडला.

वेगळी कढई घ्यावी असं मनात होतं. पण सुपरमार्केटमध्ये भांड्यांच्या रांगेला फीत बांधून ठेवली होती. भांडी तेव्हा अत्यावश्यक नव्हती. शेवटी गॅरेजमधून तंबूच्या सहलींचा जुना तवा काढला आणि दोनदा घासला.

प्रश्न फळाचा होता. डॉक्टरला फळ आठवत नव्हतं. म्हणजे तो दोन वर्षं ते खात होता, पण आता चव आठवायला गेला की तिथे काहीच नव्हतं. "पिवळं होतं," तो म्हणाला. "आंबट-गोड असणार." असणार! जसं काही दुसऱ्या कोणी खाल्लेलं.

"आंबा? पीच? अननस?"

"माहीत नाही."

"दाताला कसं लागायचं?"

यावर त्याने डोळे मिटले. "धागा. मागच्या दाढेत धागा अडकायचा. ती टूथपिक ठेवायची खिशात."

म्हणजे अननस. दाढेने लावलेला शोध मला पुरेसा होता. मुलीला नव्हता. ती टेबलावर पाय घेऊन बसली होती. "बाबा, जस्ट आस्क हिम. हर हजबंड."

"नको."

"व्हाय नॉट? इट्स अ नॉर्मल क्वेश्चन."

"मी विचारेन नंतर."

"बट यू वोंट," ती म्हणाली, बापाचा फोन उचलला आणि त्याच्याकडे पाहत उभी राहिली. त्याने नको म्हणायला हवं होतं. तो डब्याची कडी उघडत-लावत राहिला. तिने दोन ओळी लिहून पाठवल्या: तुमच्या डब्यातल्या बीफमध्ये कोणतं फळ असायचं, आम्ही करून आणावं म्हणतो आहोत. मग फोन पालथा ठेवला. आमची मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते आणि कामं माझ्यासारखी करते.

आता माझी चूक. मटण कोवळं व्हावं म्हणून आपण त्याला कच्ची पपई चोळून ठेवतो. मी विचार केला, अननसही तसाच. रविवारी सकाळी उठल्याबरोबर ताजा अननस किसून, सोया सॉस आणि आलं-लसूण घालून निम्म्या पट्ट्यांना लावला आणि झाकून ठेवला. दुपारी झाकण काढलं तर पट्ट्या नव्हत्या. राखाडी लगदा होता. ताज्या अननसाने मांस खाऊन टाकलं होतं, चावायला काही ठेवलं नव्हतं.

डॉक्टरने काट्याने एक तुकडा उचलला. तो काट्यावरच विरघळून खाली पडला. तो हळू म्हणाला, "असं आम्ही नळीतून देतो." आणि सिंकपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर कोरडं ऊन होतं. त्याने खिडकीतली लवंगेची बाटली उचलली, हुंगली, खाली ठेवली. त्याची पाठ पाहून मला वाटलं, आता हा वर जाईल आणि चर्च लावेल.

"इकडे ये," मी म्हटलं. "कांदा काप. जाड. पाकळ्या सुट्या कर."

तो आला. सांगितलेलं काम तो करतो.

दुसऱ्या निम्म्या पट्ट्यांना मी फक्त सोया सॉस, थोडी ब्राऊन शुगर आणि कॉर्नफ्लोअर लावलं. अननस टिनमधला उघडला. तो शिजवून भरलेला असतो, मांसाला काही करत नाही, हे मी आता वाचून घेतलं होतं. तवा धूर निघेपर्यंत तापवला. पट्ट्या थोड्या थोड्या टाकल्या, कारण गर्दी केली की पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी शिजतं. प्रत्येक खेप वेगळी काढून ठेवली. मग त्याच तव्यात कांदा, लाल सिमला मिरची, आलं, दोन सुक्या मिरच्या. मग अननसाच्या फोडी, आणि त्या कडेने तपकिरी होईपर्यंत हलवायच्या नाहीत. शेवटी टिनमधला रस, व्हिनेगर, आणि सगळं मांस परत. चिमूटभर मीठ सवयीने हातातून पडलं, भाजीला पडतं तसं. घरभर वास सुटला. मला तो चांगला वाटला, हे मी इथे सांगून ठेवते. मुलीने खिडकी उघडली. डॉक्टर तव्याच्या अगदी वर वाकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

नेमक्या त्या वेळी सासूबाईंचा व्हिडिओ आला. मुलीने फोन धरला.

"काय करून राहिली गं? मस्त तर्री दिसते. मटण आहे का?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं.

"इट्स बीफ, आज्जी," मुलगी म्हणाली.

पडद्यावर सासूबाई स्थिर झाल्या. इतक्या स्थिर की मला खरंच वाटलं रेंज गेली. मग त्या म्हणाल्या, "आवाज कटून राहिला. मी लावते मंग," आणि फोन बंद झाला. आवाज उत्तम येत होता.

"नाइस वन," मी मुलीला म्हटलं.

"व्हॉट? शी आस्क्ड!"

डॉक्टर हसला. कामावरून आल्यापासून पहिल्यांदा. फार नाही, नाकातून हवा गेली एवढंच, पण मी ऐकलं.

थोड्या वेळाने सासूबाईंचा पुन्हा फोन. या वेळी नुसता आवाज, चित्र बंद. बीफबद्दल एक शब्द नाही. "मी म्हणते, दुसऱ्याच्या घरी द्यायचं आहे. मीठ पाहिलं का कोणी?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मी खात नव्हते. मुलीने हवामान बदल थांबावा म्हणून दोन वर्षांपूर्वी मांस सोडलं होतं आणि ती तव्यातलं काही तोंडात घालणार नव्हती. डॉक्टर खात होता, पण त्याला समुद्राचं पाणी दिलं असतं तरी कळलं नसतं. सोया सॉस खारट असतो, त्यावर मी मीठ घातलं होतं, आणि ते जास्त झालं की कमी हे सांगू शकणारं माणूस त्या घरात नव्हतं. जिला सांगता आलं असतं तिचं नाव टेबलावरच्या झाकणावर होतं. स्वयंपाक तिच्यासाठी केल्यासारखाच झाला होता. नैवेद्याची चव आपण पाहत नाही, तसा.

"पाहतो मी," डॉक्टर म्हणाला.

"तुला काय कळणार?"

"निदान दाताला कळेल."

मी वाटीत थोडं काढून दिलं. तो उभ्यानेच खायला लागला. एक पट्टी, एक अननसाची फोड. सावकाश चावत होता, आवाज ऐकत असल्यासारखा. मग त्याने जिभेने मागची दाढ चाचपली आणि मान हलवली. "हेच. धागा तोच आहे." आणखी एक घास घेतला. मग वाटी खाली घेत तो म्हणाला, "पण काही चवच नाही याला आज."

हे वाक्य म्हणून तो थांबला. आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही. महिनाभर तो हेच म्हणत होता. पण त्याने वाटी टेबलावर ठेवली आणि हात तसाच वाटीवर ठेवून उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं. "जळतंय का काही?"

"ती असं म्हणाली होती."

"कोण?"

"ती. शेवटच्या डब्याच्या दिवशी." तो शब्द शोधत नव्हता, ते ओळीने येत होते. "डबा उघडला. दोन घास खाल्ले. म्हणाली, आज काही चवच नाही याला, काहीतरी घालायचं राहिलंय. आणि माझ्याकडे सरकवला. संपव म्हणाली, परवा धुऊन आण. मी संपवला."

"मग?"

"चव होती." त्याने माझ्याकडे पाहिलं. "नेहमीसारखी होती. उत्तम होती. मी म्हटलंसुद्धा तिला, छान तर झालंय."

मला समजायला जरा वेळ लागला. मुलीला लागला नाही. ती म्हणाली, "ओह, बाबा."

मग मला कळलं आणि मी अगदी मोठ्याने बोलले. "म्हणजे तिला आधीच झाला होता! तिची चव गेली होती. तुझी नव्हती गेली. तू नाही दिलास तिला. ऐकतोयस का? तू दिला नाहीस!"

मला वाटलं होतं, हे ऐकून तो बसेल, रडेल, काहीतरी सुटेल. महिनाभर त्याच्या मागे जे घरभर फिरत होतं ते या उघड्या खिडकीतून जाईल.

तो म्हणाला, "तिने मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"लक्षण. डॉक्टरला सांगतात तसं, समोर बसून. चव नाही म्हणाली. वर्षभर मी हाच प्रश्न प्रत्येक पेशंटला विचारत होतो, चव येते का, वास येतो का. आणि ती न विचारता म्हणाली. मी जेवत राहिलो."

"तू दमलेला होतास."

"त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत वॉर्डात होती. दुसऱ्या दिवशीही. मला सुट्टी होती, तिला नव्हती."

"एक-दोन दिवसांनी काय फरक पडला असता?"

"माहीत नाही," तो म्हणाला. पेशंटच्या लोकांना सांगताना तो असं कधी म्हणत नाही.

मी गॅस बंद केला. माझ्याजवळ तेवढंच होतं करायला. फोनवर सासूबाई अजून होत्या, आम्ही विसरलो होतो. त्या तिकडून बारीक आवाजात म्हणाल्या, "बाबू, जेव आधी. जेवून घे, मंग बोल." त्यांना किती समजलं होतं, कुणास ठाऊक.

टेबलावर पालथा पडलेला दुसरा फोन तेव्हा थरथरला. मुलीने उचलला, वाचला आणि बापाकडे दिला. त्याने वाचून माझ्याकडे दिला.

तिच्या नवऱ्याचं उत्तर होतं. अननस, त्याने लिहिलं होतं, टिनमधला, कायम टिनमधलाच. आणि ते मी करायचो. तिला अंडंसुद्धा तळता यायचं नाही! डॉक्टर एकटा असतो तिकडे, जास्त कर, असं सांगायची, म्हणून मी दोघांचं करायचो. तुम्ही करून आणताय हे वाचून बरं वाटलं. मग एक ओळ सोडून: शेवटचा डबा केला त्या दिवशी मी घाईत होतो, गोदामात कामाला लवकर जायचं होतं. काही राहिलं तर नाही ना त्यात, असं अजून मनात येतं. संध्याकाळी विचारणार होतो, पण ती आली तीच झोपली, मग राहूनच गेलं. तिला आवडलं होतं का?

त्या दुपारी आमच्या घरात भांडण झालं. ते आवाज न चढवता झालं, म्हणून जास्त वेळ चाललं.

"आवडलं होतं म्हणून लिही," मी म्हटलं. "एका ओळीचं काम आहे."

"ती नाही म्हणाली होती."

"जेवण चांगलं होतं ना? तू खाल्लंस ना? मग त्याला तेवढंच सांग. काही राहिलं नव्हतं, उत्तम झालं होतं. यात खोटं काय आहे?"

"तो मी खाल्लं का विचारत नाहीये."

"मग खरं सांगणार आहेस? चव नाही म्हणाली म्हणून? तो बिचारा आयुष्यभर म्हणेल, मी मीठ विसरलो."

"मीठ विसरला नव्हता हे सांगायचं तर पुढचं सांगावं लागेल. की तिला तेव्हाच झालं होतं. आणि ती कोणासमोर बसून म्हणाली ते." तो थांबला. "तो विचारेल, मग तुम्ही काय केलंत."

"नाही विचारणार."

"मी विचारलं असतं."

मुलगी जिन्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मी तो मेसेज पाठवायला नको होता." पूर्ण वाक्य, मराठीत. दोघांनीही तिला एकदम सांगितलं, तुझं काही चुकलं नाही.

संध्याकाळी मी डबा भरला. गार झालेलं बीफ, वरून कडेला राहिलेल्या अननसाच्या फोडी. निळ्या कड्या एकेक करून लावल्या. त्या खटकन लागतात. प्रत्येक आवाजाला डॉक्टर वळून दाराकडे पाहत होता. चारही झाल्यावर मी डबा फ्रीझरमध्ये ठेवला. त्या रात्री कोणी जळकट वासाबद्दल बोललं नाही. लॅपटॉपही उघडला गेला नाही. मी बराच वेळ त्या दोन्हींची वाट पाहिली.

आठ मार्चला तो कामावर गेला. मला वाटलं होतं जाणार नाही. गेला, आणि आता कोणी पेशंट, नर्स, सफाईवाली, कोणीही जेवणाबद्दल काहीही बोललं की तो काटा खाली ठेवतो, असं तो सांगतो. डबा मी बर्फाच्या पिशवीत बांधून दिला होता. तो त्याच्या तिथल्या खोलीत फ्रीझरच्या खालच्या खणात आहे. एवढे महिने ठेवलेलं मांस खाण्यालायक राहत नाही, हे मला माहीत आहे. टाक म्हणून मी अजून म्हटलेलं नाही.

वास थोडा परतला आहे. लवंग येते, लिंबू कधी येतं कधी नाही. बीफ त्याने पुन्हा खाल्लेलं नाही आणि मी केलेलं नाही. तो तवा धुऊन परत गॅरेजमध्ये ठेवला. सासूबाईंनी तो विषय आजतागायत काढलेला नाही. फक्त प्रत्येक फोनच्या शेवटी विचारतात, "डबा दिला का?" मी म्हणते, "देतो आहोत."

मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायची मोकळीक मिळाली. मी डॉक्टरला म्हटलं, मी येते बरोबर, मी बसते बागेत, मी बोलते. तो म्हणाला, "तुला काय माहीत आहे बोलायला?" ते खरं होतं.

ईस्टरला तिच्या नवऱ्याने शुभेच्छा पाठवल्या होत्या. त्यात प्रश्न नव्हता. डॉक्टरने त्याला शुभेच्छाच परत पाठवल्या. हॉस्पिटलला जाताना त्याचं घर वाटेवर लागतं, कोपऱ्यावरचं, पांढऱ्या फाटकाचं. एकदा तो माणूस बाहेर गवत कापत होता आणि त्याने ओळखून हात वर केला. डॉक्टरने गाडीतून हात वर केला आणि पुढे गेला. तिला आवडलं होतं का, याचं उत्तर अजून द्यायचं आहे.